शिलकी मालातून घडलेली गिटार

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील फुलर्टन या गावी, फेंडर कंपनीच्या कारखान्यात १९६९ साली एक अशी विद्युत् गिटार तयार झाली, की जिला कंपनीच्या नियमित सूचिपत्रात कधी स्थान मिळाले नाही, जिच्या काही नगांच्या माथ्यावर कंपनीचे नाव आहे पण वाद्याचे नाही, आणि जिला आज कोणी ‘स्विंगर’, कोणी ‘म्युझिकलँडर’, तर कोणी ‘ॲरो’ या नावाने ओळखतात. असे एकूण नग अडीचशे ते तीनशे निघाले असावेत, असा अंदाज जाणकार सहसा देतात. नवशिक्या विद्यार्थ्याच्या खिशाला परवडावी एवढाच या वाद्याचा मूळ हेतू होता. पण आज त्याच्याविषयी गिटारप्रेमी मंडळींत इतका तीव्र मतभेद आहे, की दोन्ही पक्ष एकाच वाद्याविषयी बोलत आहेत की काय, अशी शंका यावी. एका पक्षाच्या मते स्विंगर म्हणजे हिशेबनिसांच्या हुकमाने लावलेली अडगळीची विल्हेवाट आणि म्हणून फेंडरच्या कीर्तीला लागलेला डाग होय. दुसऱ्या पक्षाला ती कंपनीच्या इतिहासातील दुर्मीळ रत्न वाटते आणि तिच्यासाठी तो मागेल ती किंमत मोजतो. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. लिओ फेंडर यांनी गिटारच्या घडणीत जो एक मूलगामी विचार आणला, त्याची अत्यंत तर्कशुद्ध निष्पत्ती म्हणजे स्विंगर, असे माझे मत आहे. ती निष्पत्ती लिओ फेंडर यांनी कंपनी विकून टाकल्यानंतर, दुसऱ्यांच्या हातून आणि आर्थिक निकडीपोटी घडली, एवढ्याने तिचे महत्त्व उणावत नाही. हे मत पटवून देण्यासाठी थोडे मागे जाणे भाग आहे.

लिओ फेंडर यांचा जन्म १९०९ सालचा. पेशाने ते रेडिओ दुरुस्त करणारे; त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. त्यांच्यापूर्वी गिटार घडवण्याची जी वहिवाट शतकानुशतके चालत आली होती, तीत दांडी धडाला सरसाने कायमची जोडलेली असे. दांडी वाकली किंवा तिच्यावरचे पडदे झिजले, तर सगळे वाद्यच कुशल कारागिराच्या स्वाधीन करावे लागे आणि दुरुस्तीचा खर्च कधीकधी नव्या वाद्याच्या किमतीला जाऊन भिडे. रेडिओचा निकामी भाग काढून तेथे दुसरा बसवावा, ही ज्याच्या हाताची रोजची सवय, त्याला ही पद्धत गैरसोयीची वाटावी यात नवल नाही. लिओ फेंडर यांनी धड भरीव लाकडाच्या फळीचे केले, दांडी स्वतंत्रपणे तयार केली आणि दोन्ही चार स्क्रूंनी एकमेकांना आवळून टाकली. १९५० साली बाजारात आलेली आणि पुढे ‘टेलिकास्टर’ या नावाने प्रसिद्धी पावलेली गिटार या तत्त्वावर उभी आहे. १९५४ ची ‘स्ट्रॅटोकास्टर’ही त्याच तत्त्वावर. वाद्य म्हणजे अखंड, अविभाज्य वस्तू ही कल्पना जाऊन, वाद्य म्हणजे सुट्या भागांचा सुसंगत संच ही कल्पना येथे रूढ झाली, आणि तिच्यामुळेच विद्युत् गिटार सामान्य माणसाच्या आवाक्यात आली.

सामान्य माणसातही जो सर्वांत लहान, म्हणजे शिकाऊ मुलगा किंवा मुलगी, त्याचा विचार कंपनीने १९५६ मध्ये केला. त्या वर्षी ‘म्युझिकमास्टर’ आणि ‘ड्युओ-सोनिक’ या दोन गिटारी आल्या. पहिलीत तारांची थरथर टिपणारा पिकअप एक, दुसरीत दोन; बाकी दोघींचा थाट साधाच. टेलिकास्टर किंवा स्ट्रॅटोकास्टरच्या तारेची स्वरांकित लांबी, म्हणजे दांडीच्या टोकाच्या खाचपट्टीपासून घोडीपर्यंतचे अंतर, साडेपंचवीस इंच असते. या विद्यार्थी गिटारींत ते साडेबावीस इंच ठेवले होते. १९६४ साली ‘मस्टँग’ आली, ती साडेबावीस आणि चोवीस अशा दोन्ही लांबींत मिळे. हळूहळू ग्राहकांचा कल चोवीस इंचांकडे झुकला आणि साडेबावीस इंची दांड्यांची मागणी ओसरली.

याच सुमारास कंपनीच्या मालकीत मोठे स्थित्यंतर झाले. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या बलाढ्य प्रक्षेपण कंपनीने फेंडरचा कारभार १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतला. फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकन दूरचित्रवाणीवर झळकल्यापासून तेथील घराघरातल्या मुलांना गिटारचे वेड लागले होते, आणि ही मागणी अशीच वाढत राहील, या भरवशावर नवनवी वाद्ये योजली जात होती. त्यांपैकी एक ‘बेस फाइव्ह’. बेस गिटारला सामान्यतः चार तारा असतात; हिला पाचवी तार होती, पण ती आजच्या पाच तारांच्या बेसप्रमाणे खर्जाकडची नसून वरच्या स्वराची होती. हात दांडीवर वरखाली न सरकवता वरचे स्वर मिळावेत हा हेतू. म्हणून पडदेही केवळ पंधरा दिले आणि धड मात्र लांबट ठेवले. कल्पना बुद्धिमान होती, परंतु बेस वादकांच्या बोटांना जी सवय जडली होती तिच्याशी तिचे जमले नाही. वाद्य खपेना, आणि तयार धडांचा साठा कोठारात पडून राहिला.

दशक संपता संपता तर सगळ्या धंद्यावरच मंदीची छाया पसरली. जपानहून येणाऱ्या स्वस्त गिटारींनी खालचा बाजार काबीज केला. शिकागोच्या ‘व्हॅल्को’ आणि ‘के’ या जुन्या पेढ्या १९६८ मध्ये बुडाल्या. न्यू जर्सीची ‘डॅनइलेक्ट्रो’, जिने दाबीव लाकडी पुठ्ठ्यापासून उत्तम स्वराच्या स्वस्त गिटारी बनवून गरीब वादकांवर उपकार केले होते, ती १९६९ मध्ये बंद पडली. अशा काळात फुलर्टनच्या कारखान्यात शिलकी मालाचा हिशेब मांडला गेला तेव्हा त्यात दोन ठळक बाबी निघाल्या : बेस फाइव्हची धडे आणि साडेबावीस इंची दांड्या. या दोहोंचा मेळ घालण्याचे श्रेय व्हर्जिलिओ सिमोनी या फेंडरच्या जुन्या जाणत्या कर्मचाऱ्याला दिले जाते. कारखान्यात त्यांना ‘बेब’ म्हणत. बारा तारांच्या न खपलेल्या ‘इलेक्ट्रिक ट्वेल्व्ह’च्या सुट्या भागांतून ‘कस्टम’ किंवा ‘मॅव्हरिक’ नावाची गिटार त्याच वर्षी निघाली, तीही त्यांच्याच हातची.

सिमोनी यांनी काय केले ते वाद्य समोर ठेवून पाहण्यासारखे आहे. बेसचे धड घोडीच्या मागे बरेच लांब होते. गिटारला तेवढ्या लांबीची गरज नव्हती. म्हणून धडाच्या बुडाला, जेथे पट्टा अडकवण्याची खुंटी असते त्या बाजूने, आत वळणारा एक खोल चंद्राकृती काप घेतला. दांडीच्या माथ्याचा फेंडरचा परिचित गोलसर आकार काढून त्याला भाल्याच्या फाळासारखे टोक दिले. ‘ॲरो’ हे नाव पडले ते या टोकावरून. घोडी आणि एकुलता पिकअप म्युझिकमास्टरचा. वरून साधे प्लॅस्टिकचे झाकण असल्यामुळे आतले लोहचुंबक दिसत नाहीत. एक बटण आवाजासाठी, एक स्वराच्या पोतासाठी, बस्स. धडावरचे प्लॅस्टिकचे आच्छादन, ज्याला पिकगार्ड म्हणतात, ते स्क्रू काढून उचलले म्हणजे खालच्या लाकडात बेस फाइव्हसाठी कोरलेल्या जागेचा माग काढता येतो. आणि दांडी सोडवून तिच्या बुडावर छापलेली तारीख वाचली, तर ती पुष्कळदा वाद्य जन्माला येण्याच्या एक-दोन वर्षे आधीची निघते. ज्या कोणाला हे वाद्य खरे की नंतर कोणी घडवलेली नक्कल, याची शहानिशा करावयाची असेल, त्याने या दोन दस्तऐवजांवरच विसंबावे. बाहेरचा रंग आणि माथ्यावरचे नाव यांची साक्ष कच्ची.

आता प्रश्न असा, की हे वाद्य वाजते कसे? मतभेदाचे खरे मूळ येथे आहे, आणि म्हणून सामान्य वाचकासाठी विद्युत् गिटारचे मर्म थोडक्यात सांगितले पाहिजे. या गिटारला पोकळ भोपळा किंवा लाकडी पेटी नसते, त्यामुळे तारेचा नाद लाकडात घुमून मोठा होत नाही. तारांच्या खाली लोहचुंबक बसवून त्यांच्याभोवती केसाहून बारीक अशा तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात, हाच पिकअप. पोलादी तार थरथरली की तेथील चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेले तत्त्वच येथे राबत असते. तो प्रवाह ध्वनिवर्धकात जाऊन मोठा होतो. पिकअप घोडीजवळ असेल तर स्वर धारदार व करकरीत, दांडीजवळ असेल तर भरीव व गोल. कारण दांडीकडे तारेचे आंदोलन मोठे असते आणि मूळ स्वर अधिक प्रभावी उमटतो. स्विंगरचा पिकअप दांडीजवळ, किंचित तिरका बसवलेला आहे. त्यामुळे तिचा आवाज मृदू आणि उबदार येतो. तीक्ष्ण स्वराची अपेक्षा तिच्याकडून करू नये. एकच वेटोळे असल्याने वीजपुरवठ्याची गुणगुण तीत मिसळते, आणि ती थोपवण्याची सोय वाद्यात नाही.

लांबीचा परिणाम याहून खोल आहे. आपल्याकडे स्त्रियांचा तंबोरा पुरुषांच्या तंबोऱ्याहून आखूड असतो व तो चढ्या षड्जाला लावतात, हे संगीताच्या श्रोत्यांना ठाऊक आहे. आखूड तारेला चढा स्वर स्वाभाविक. परंतु विद्यार्थ्याच्या गिटारला ती सवलत नाही. तिला मोठ्या गिटारच्याच स्वरांत लावावे लागते, आणि आखूड तार त्याच स्वरात ठेवायची तर तिचा ताण कमी करणे अपरिहार्य ठरते. हा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून साडेपंचवीस इंचांऐवजी साडेबावीस इंच घेतले, म्हणजे लांबी सुमारे १२ टक्क्यांनी घटवली, तरी ताण जवळजवळ २२ टक्क्यांनी उतरतो. याचा लाभ कोवळ्या बोटांना तात्काळ कळतो. तार दाबायला जोर लागत नाही, बोटांच्या शेंड्यांना घट्टे पडण्यापूर्वीचा जो दुःखाचा काळ प्रत्येक शिकाऊ वादकाला सोसावा लागतो तो सुसह्य होतो. शिवाय पडदे जवळजवळ येतात. मोठ्या गिटारवर दांडीच्या टोकापासून चौथ्या पडद्यापर्यंतचे अंतर सुमारे १३४ मिलिमीटर भरते, स्विंगरवर ते ११८. दहा वर्षांच्या मुलाने पहिल्या पडद्यावर तर्जनी आडवी टेकवून करंगळीने चौथा पडदा गाठण्याचा यत्न करावा, म्हणजे या १६ मिलिमीटरांची किंमत त्याच्या चेहऱ्यावर उमटते : एका वाद्यावर मनगट वाकडे होऊन करंगळी थरथरते, दुसऱ्यावर ती सहज जाऊन बसते.

प्रौढ वादकांच्या तक्रारीही याच गणितातून निघतात, आणि त्या खोट्या नाहीत. जाड खर्जाची तार सैल पडल्यामुळे जोराने छेडली असता पडद्यांवर आपटते. बोट किंचित अधिक दाबले गेले तर स्वर चढतो आणि अनेक तारांचा एकत्र झंकार बेसूर होतो. वरच्या टोकाला विसाव्या आणि एकविसाव्या पडद्यांत जेमतेम १० मिलिमीटर जागा उरते, तेथे मोठ्या माणसाचे बोट कसे मावणार? ज्याने आयुष्यभर स्ट्रॅटोकास्टर वाजवली तो स्विंगर हातात घेऊन निराश झाला, तर त्याला दोष देता येणार नाही. पण जी गिटार बालकाच्या हातासाठी मोजूनमापून घडवलेल्या दांडीवर उभी आहे, तिच्याविषयी प्रौढाच्या हाताने दिलेला फैसला अंतिम मानणे न्यायाला धरून नाही. शिवाय मोठ्या वादकांनाही आखूड गिटारी अगदीच वर्ज्य नव्हत्या. जिमी हेंड्रिक्स यांच्या हाती जगप्रसिद्ध होण्यापूर्वीच्या दिवसांत ड्युओ-सोनिक होती. कर्ट कोबेन यांनी मस्टँगविषयीची आपली आवड लपवून ठेवली नव्हती. सैल तारेला जी एक लवचीक, किंचित बेशिस्त अशी लय असते, ती काही प्रकारच्या संगीताला पोषक ठरते.

आक्षेपकांचा दुसरा मुद्दा असा, की सीबीएसच्या अमदानीत फेंडरच्या कामाचा दर्जा उतरला, आणि स्विंगर हा त्या अधोगतीचा पुरावा आहे. पहिल्या विधानात तथ्य आहे. सत्तरच्या दशकातील फेंडर गिटारींविषयी वादकांनी केलेल्या तक्रारी सर्वश्रुत आहेत, आणि १९८५ मध्ये सीबीएसने ही कंपनी बिल शुल्ट्झ यांच्या नेतृत्वाखालील कर्मचारी व गुंतवणूकदारांच्या गटाला विकून टाकली, यातच सगळे आले. परंतु दुसरे विधान मला मान्य नाही. स्विंगरचे भाग हलक्या प्रतीचे नव्हते. ती धडे एका महागड्या बेससाठी तयार झालेली होती. दांड्या त्याच कारखान्यातल्या, त्याच मेपल लाकडाच्या, त्याच कारागिरांच्या हातून उतरलेल्या होत्या. भाग निकामी म्हणून नव्हे, तर बाजाराचा अंदाज चुकला म्हणून ते शिल्लक राहिले. शिल्लक आणि टाकाऊ या दोन अवस्थांत जे अंतर आहे, ते ताळेबंदात कदाचित दिसत नसेल. वाद्यात ते स्पष्ट ऐकू येते. आणि बेससाठी कापलेल्या धडावर, थोड्याफार फेरफाराने का होईना, विद्यार्थ्याच्या गिटारची दांडी बसू शकली, ती त्यावर सुरात वाजू शकली, हे केवळ यामुळे शक्य झाले, की लिओ फेंडर यांनी दांडी आणि धड यांना परस्परांपासून स्वतंत्र करून ठेवले होते. सरसाने जोडलेल्या गिटारींच्या कारखान्यात सिमोनी यांच्यासारखा कल्पक माणूस असता, तरी त्याला ती धडे जाळून टाकण्यावाचून गत्यंतर उरले नसते.

संग्राहकांच्या मताविषयी मला अधिक खेद वाटतो. दुर्मीळता हा वाद्याचा गुण नव्हे. तो त्याच्या इतिहासातील एक योगायोग आहे. स्विंगर थोड्या निघाल्या, कारण धडे आणि दांड्या तेवढ्याच शिल्लक होत्या. पाच हजार शिल्लक असत्या तर पाच हजार निघाल्या असत्या, आणि त्यांपैकी प्रत्येकीचा आवाज आज आहे तसाच राहिला असता. म्युझिकमास्टरही त्याच लांबीची, त्याच पिकअपची, जवळजवळ त्याच स्वराची गिटार आहे. तरीही दोघींच्या किमतींत जी तफावत पडते, ती एका चंद्राकृती कापाची आणि माथ्यावरच्या टोकाची. तो काप मला सुंदर वाटतो, हे कबूल केले पाहिजे. लाकडाची लांबी कमी करण्याच्या निव्वळ व्यवहारी गरजेतून निघालेली ती रेषा इतकी निर्भय आहे, की पुष्कळ विचारपूर्वक आखलेल्या गिटारींना ती साधलेली नाही. परंतु त्या रेषेपायी हे वाद्य काचेच्या कपाटात जाऊन बसले, आणि ज्या लहान मुलासाठी ते घडवले त्याच्या बापाला त्याची किंमत ऐकणेही अशक्य झाले, ही स्थिती मला विषादाची वाटते. कपाटातल्या स्विंगरच्या तारा गंजतात, दांडी ताणाचा तोल जाऊन वाकते. वाद्याला वाजवणे हेच त्याचे जतन.

ज्यांच्याकडे ती आहे आणि जे ती वाजवतात, अशा वादकांमध्ये आणखी एक वाद चालतो, तो तारांच्या जाडीचा; आणि त्याचा निकाल मात्र गणिताने लावता येतो. ताण हा तारेच्या जाडीच्याही वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सर्वांत बारीक तार इंचाच्या दहा सहस्रांशांऐवजी अकरा सहस्रांशांची घेतली, तर ताण २१ टक्क्यांनी वाढतो, आणि लांबीमुळे गेलेल्या ताणाची बरीचशी भरपाई होऊन तो साडेपंचवीस इंची गिटारच्या सुमारे ९४ टक्क्यांपर्यंत पोचतो. प्रौढ वादकाने असा अकराचा संच चढवावा, नव्या जाडीप्रमाणे खाचपट्टीतील खाचा जरूर तेवढ्या रुंद करून घ्याव्यात आणि घोडीवरची तारेची लांबी पुन्हा जुळवून घ्यावी. मग खर्ज फडफडत नाही व स्वर ठिकाणावर राहतो. मूल वाजवणार असेल तर मात्र दहाच्या, किंवा त्याहूनही बारीक नऊच्याच तारा राहू द्याव्यात.